कोरे कान

"थांब," धुरपताबाई म्हणाली. "ही म्हातारी खोटं बोलून राह्यली."

पूनमसिंगनं ओळीवर बोट धरून ठेवलं आणि मान वर केली. "खोटं कसं, याडी?"

"पोरीहो, आपापल्या मायघरी जा म्हनते. पन तिले मनातून वाटते काय, जावं म्हनून? दोघी गेल्यावर म्हातारीनं एकटीनं काय दगडं खावं?"

पूनमसिंगनं कागदाच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी टिपलं. ओट्यावर दोघांच्या मध्ये त्याचा छोटा टेपरेकॉर्डर चालू होता. धुरपताबाईचं भांडण त्यात मुकाट्यानं साठत होतं. ती बोलत होती गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत. इथं ते वऱ्हाडीत उतरवलं आहे, कारण आर्णीच्या बाजारात ती वऱ्हाडीच बोलते; याडी म्हणजे आई आणि भिया म्हणजे भाऊ, हे शब्द तसेच ठेवले आहेत. तेवढं भाषांतर पूनमसिंगही चालवून घेईल.

पूनमसिंगचं कामच ते होतं. तो दिग्रसकडच्या तांड्यावरचा, वय चाळिशीचं, तरुणपणी ख्रिस्ती झालेला. मास्तरकी सोडून यवतमाळच्या एका लहानशा संस्थेत तो बायबल गोरमाटीत आणायच्या कामाला लागला होता. ज्यांचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन मुलूखभर फिरले, त्यांच्या बोलीत पुस्तक म्हणून काही नव्हतं. सगळं गाण्यात आणि तोंडात. तेव्हा लिहिलेलं लोकांना कळतं की नाही, हे बघायची एकच रीत होती. ज्यानं ती गोष्ट कधी ऐकली नाही असं माणूस गाठायचं, त्याला वाचून दाखवायचं आणि म्हणायचं, आता तुमच्या शब्दांत सांगा. सांगताना चुकलं तर चूक ऐकणाऱ्याची नाही, लिहिणाऱ्याची.

हा नियम धुरपताबाईला फार आवडला होता. आपण चुकायचं आणि दुसऱ्यानं दुरुस्त व्हायचं, असा व्यवहार तिनं आयुष्यात दुसरीकडे कुठं पाहिला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी पूनमसिंग पहिल्यांदा तांड्यावर आला तेव्हा हरिसिंग नायकानं त्याला चावडीवर बसवून घेतलं होतं. "धरम बाटवाले आला का?" नायकानं सरळ विचारलं. पूनमसिंग म्हणाला, "मले फक्त कान पाह्यजे. कोरे कान." नायकानं बराच विचार करून धुरपताबाईचं नाव काढलं. तिचं मत तिच्या नवऱ्याला जिवंतपणी बदलता आलं नाही, तिथं हा कोण बदलणार, असा त्याचा हिशेब होता. धुरपताबाईनंही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी सेवाभायाची हाये अन् सेवाभायाचीच राह्यीन." बंजाऱ्यांच्या या संताला पूनमसिंगची हरकत नव्हती; म्हणाला, राहा. निंदणाची एक दिवसाची मजुरी मिळत होती आणि उन्हात वाकावं लागत नव्हतं.

तेव्हापासून ती त्या पुस्तकातल्या माणसांशी भांडत आली होती. एका मळेवाल्यानं सकाळी आलेल्या आणि दिवस कलताना आलेल्या मजुरांना सारखीच मजुरी दिली, ही गोष्ट तिला अजिबात मानवली नव्हती. "वेचनी किलोवर असते," ती म्हणाली होती. "याले शेतीतलं काही समजत नाई. पुढच्या साली कोनी सकाळी येनार नाई याच्याकडं." पूनमसिंगनं लिहिलं, अर्थ पोचला.

आजची गोष्ट मात्र वेगळी निघाली. दुष्काळ पडला म्हणून एक बाई नवऱ्याबरोबर दोन पोरं घेऊन परमुलखात जाते. तिथं नवरा मरतो. पोरांची लग्नं होतात आणि पोरंही मरतात. उरतात सासू आणि दोन विधवा सुना. आपल्या गावाकडं पाऊसपाणी झालं असं ऐकून सासू परत निघते, सुनाही निघतात, आणि वाटेत ती त्यांना थांबवून म्हणते, माघारी जा. दोघी रडतात. एक सासूचा मुका घेऊन परत फिरते. दुसरी मात्र तिला बिलगते. मला धाडू नका, तुमच्याच मागं येईन, उद्या माझी माती पडली तरी तुमच्या शेजारी पडू द्या, असं काहीबाही बोलते.

इथं पूनमसिंगचा कागद संपला. तो एका वेळी एकच कागद आणत असे.

धुरपताबाईनं भांडण मध्येच सोडून दिलं होतं. असं कधी होत नसे.

"सांगा याडी, काय समजलं?"

"पुन्यांदा वाच," ती म्हणाली. "ती बिलगते ना, तिथून."

त्यानं वाचलं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि मग गोष्ट सांगितली, एक शब्द न गाळता. बिलगणाऱ्या सुनेचं बोलणं तर तिनं जरा वाढवूनच सांगितलं.

याला कारण होतं, आणि ते कारण त्या वेळी घरामागं गोवऱ्या रचत होतं. बबिता, तिची सून. धुरपताबाईचा थोरला, रामधन, दोन वर्षांपूर्वी कपाशीवर फवारा मारताना विषारी औषध अंगात भिनून गेला. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती आणि जिल्ह्यात कोणी शेतकरी गेला की साहेब लोक जीपनं चौकशीला येत. रामधनच्या वेळीही आले. त्यानं स्वतः औषध घेतलं नव्हतं, फवारताना गेला, म्हणजे आत्महत्येच्या मदतीत बसत नाही, हे कळल्यावर त्यांनी चहा घेतला आणि गेले. बबिता तेव्हा बावीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. मारेगावकडच्या तांड्यावर तिचं माहेर. भाऊ न्यायला आला तेव्हा धुरपताबाई म्हणाली होती, "वेचनी होऊ दे, मंग पाठवतो." त्यानंतर दोन वेचण्या होऊन गेल्या, तिसरी चालू होती.

पाठवायचं तिच्या मनात नव्हतंच. खरं सांगायचं तर तिचा बबितावर जीव होता. रामधन गेल्यावर पहिले काही महिने दोघी एका गोधडीत झोपल्या होत्या. धाकटा प्रेम वणीला कोळशाच्या ट्रकवर, महिन्यातून एकदा उगवणारा. बबिता गेली की घरात धुरपताबाई आणि दोन शेळ्या.

नायकानं यावर जुना तोडगा काढला होता. विधवा सून दिराच्या घरी बसवायची, म्हणजे त्याच्याशीच तिचा पाट लावायचा. अलीकडं कोणी फारसं करत नसे, पण रीत मोडलेलीही नव्हती, आणि शेताचे दोन तुकडे होणं टळत होतं. वेचणी आटपली की नसाब बसवायचा, म्हणजे तांड्याची पंचायत, आणि तिथं ठरवून टाकायचं. प्रेम बबितापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्याला विचारलं तर म्हणाला, "याडी, तू म्हनशीन तसं," आणि ट्रकची हवा बघायला गेला. बबिताला कोणी विचारलं नाही. ती काही बोलत नव्हती, तेव्हा तिचा होकारच आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. धुरपताबाईनंही धरलं होतं, पण तिला ते पुरत नव्हतं. तिला बबिताच्या तोंडून ऐकायचं होतं.

"पूनम," ती म्हणाली, "दुसरी आयकनारी लागते न तुले याच्यासाठी?"

"लागते. जमनाबाईले इचारतो."

"जमनाबाई अर्धी बहिरी हाये. बबिताले सांग."

पूनमसिंग घुटमळला. एका घरातल्या दोघी घेऊ नयेत असा नियम होता. पहिली दुसरीला सांगून टाकते आणि कान कोरा राहत नाही.

"तिले काही सांगनार नाई मी. सेवाभायाची आन."

तिनं खरोखर सांगितलं नाही. पुढचे चार दिवस दोघी शेजारी शेजारी कापूस वेचत होत्या आणि गोष्ट तिच्या ओठापर्यंत येऊन परत जात होती. तिची समजूत अशी की बबिता ऐकेल, तिला रडू येईल, आणि त्या सुनेचे शब्द ती स्वतःच्या तोंडानं, टेपरेकॉर्डरसमोर म्हणेल. म्हणजे मग नसाबात कोणाला काही विचारायची गरजच उरणार नाही. पूनमसिंगच्या कामाचा असा उपयोग त्याच्या संस्थेतही कोणाला सुचला नसता.

पूनमसिंग आला त्या दिवशी बबिता ओट्यावर बसली आणि धुरपताबाई आत, दाराजवळ, तूर निवडायला. सूप हलवायचं तिनं मुद्दाम टाळलं, आवाज होतो म्हणून.

त्यानं वाचलं. बबितानं गुडघ्याभोवती हात घालून ऐकलं.

"आता सांग बरं, बाई, तुह्या शब्दात."

"एक सासू होती," बबितानं सुरुवात केली. तिचा आवाज बारीक होता. "दुष्काळ होता म्हनून ते लोक दुसरीकडं गेले. तिथं सगळे मानसं मेले. मंग सासू घरी जाले निघाली अन् सुना बी निघाल्या. तं सासू म्हनली, पोरीहो, तुमी कायले येता, मायघरी जा." ती थांबली. "मंग एक गेली."

"अन् दुसरी?"

"दुसरी सासूसंग गेली."

"ती काय म्हनली सासूले?"

"येतो म्हनली."

आत धुरपताबाईच्या हातातली तूर हातातच राहिली. एवढं लांबलचक, एवढं गोड बोलणं, आणि या पोरीनं ते एका शब्दात गुंडाळलं.

पूनमसिंगनं कपाळाला आठ्या घातल्या. महत्त्वाचा भाग पोचलाच नाही, म्हणजे लिहिण्यात खोट. "बरं, ही गोष्ट कोनाची हाये असं वाटते तुले?"

"जे परत गेली तिची."

"परत गेली तिची? काहून?"

बबितानं गुडघ्याभोवतीचे हात सोडले. मग बोलली ती सलग, आणि आवाजही मोठा झाला. "तिचं लय अवघड हाये, भिया. राह्यनारीले सोपं असते, सगळे चांगलं म्हनते. तिनं रडून मुका घेतला सासूचा. तिले बी माया होतीच न. पन तिची माय तिकडं वाट पाहत असन. ती रस्त्यानं एकटी गेली असन, मांगं पाह्यत पाह्यत. मायघरी पोचली असन तं मायनं आंगनातच धरलं असन तिले. पन ती जाऊ शकली, कारन सासूनं सोताच्या तोंडानं जा म्हटलं. नाई तं कशी जाईन? कोनी जा म्हटल्याबिगर जाता येत नाई."

"तिचं पुढं काय झालं?" तिनंच पुढं विचारलं.

"लिहिलेलं नाई," पूनमसिंग म्हणाला.

बबितानं मान डोलावली, उठली आणि शेळ्यांना पाणी दाखवायला गेली. पूनमसिंगनं कागदावर लिहिलं, परतणाऱ्या सुनेवर जास्त भर पडतो, वाक्य पुन्हा बघणे.

धुरपताबाई त्या दिवशी बबिताशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाकरी मोडली, कालवण जास्त तिखट झालं, शेळीनं खुंटा उपटला, सगळ्याचा राग तिनं शेळीवर काढला. तिसऱ्या दिवशी पूनमसिंग शेजारच्या वस्तीवर आल्याचं कळलं, तशी ती उन्हातून चालत तिथं गेली आणि त्याला चिंचेखाली गाठलं.

"तुह्या पुस्तकात त्या परत गेलेलीले कोनी शिव्या देल्ल्या काय?"

"नाई याडी."

"सासूनं बी नाई? मांगून?"

"नाई."

"देवानं? तिले काही झालं काय, रोग, साप, काही?"

"काहीच लिहिलेलं नाई. तिचं नाव तिथंच संपते."

धुरपताबाई चिंचेच्या मुळीवर बसली. "म्हंजे सुखात राह्यली असन," ती म्हणाली.

"ते मी नाई सांगू शकत."

"मी सांगतो न. भांडन झालं असतं तं कोनीतरी लिहिलं असतं. बायाच्या सुखाचं कोन लिहिते?"

पूनमसिंगनं पिशवीतून बाटली काढली. त्यानं तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि तशीच हरिसिंग नायकाकडं गेली.

नायक खाटेवर बसून दाढी करवून घेत होता. "माह्या घरचा विषय नसाबात घेऊ नका," तिनं उभ्यानंच सांगितलं. "पोरगी मायघरी चालली. तिच्या भावानं दुसरीकडं पाह्यलं तं पाह्यू दे. माही ना नाई."

नायकाच्या अर्ध्या गालावर साबण होता. "अन् शेत? अन् तू? तुले पानी कोन देईन मरताना?"

"प्रेम देईन. नाई तं तुमी या."

"हे त्या बायबलवाल्यानं शिकवलं काय तुले?"

"त्यात तं सून राह्यते," धुरपताबाई म्हणाली. "मी कुठं आयकलं त्याचं?"

बबिताला तिनं शेतातच सांगितलं, पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून, तिच्याकडं न बघता. "जा."

बबिताचा हात बोंडावर थांबला. "वेचनी झाल्यावर?"

"उद्या."

बबितानं ते बोंड काढलं, कमरेच्या ओटीत टाकलं, मग पुढचं काढलं. जरा वेळानं ती म्हणाली, "याडी, तुमी आयकून राह्यल्या होत्या आतून."

"हो. सूप बी हालवलं नाई मी."

यावर दोघी हसल्या, आणि धुरपताबाईला एकदम भडभडून आलं. आपण दोन वर्षं या पोरीला धरून ठेवलं, ती राहावी म्हणून गोष्टीचा गळ टाकला, आणि ती काही न बोलता आपल्याहून तीन वर्षांनी लहान दिराच्या घरात बसायला तयार झाली होती. तिनं डोळे पुसले. सरकीची कुसळं डोळ्यात गेली, असं बबिताला सांगितलं. बबितानं मानलं.

सकाळी फाट्यावर काळी-पिवळी जीपची वाट बघत चारपाच माणसं उभी होती. बबिताकडं एक पिशवी आणि एक गाठोडं. गाडी दिसली, आणि गाठोडं उचलायला वाकलेल्या बबिताला धुरपताबाईनं उभं केलं, तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि ढावलो धरला. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघते तेव्हा ती आणि तिची माणसं गळ्यात गळा घालून जे गात गात रडतात, तो ढावलो. विधवा सून सासर सोडून जाते त्या वेळचं गाणं कोणाकडंच नव्हतं, कारण तशी पाठवणी कोणी केलीच नव्हती. तेव्हा धुरपताबाईनं आईचं गाणं घेतलं. पहिल्या दोन ओळी ती एकटीच गायली. तिसऱ्या ओळीला बबितानं तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लेकीची बाजू धरली.

गाडीवाल्यानं हॉर्न वाजवायला हात नेला आणि परत घेतला. आतल्या सीटवरच्या एका बाईनं विचारलं, "लेक हाये काय, बाई?"

"हो," धुरपताबाई म्हणाली. "लेक हाये. आर्णीले एस्टीत बसवून द्याल जरा. मारेगावले जाते."

पंधरवड्यानं पूनमसिंग पुढचा कागद घेऊन आला. घरात शिरताना त्यानं इकडंतिकडं पाहिलं, पण विचारलं काही नाही, तांड्यावरच्या बातम्या त्याच्यापर्यंत आधीच पोचत. धुरपताबाईनं त्याला चहा दिला. ओट्यावर बसून त्यानं टेपरेकॉर्डर चालू केला आणि वाचलं. सासू आणि सोबत आलेली सून चालत चालत गावात पोचतात. गावच्या बाया गोळा होतात आणि एकमेकींना विचारतात, ही तीच का? सासू त्यांना म्हणते, मला आता जुन्या नावानं हाक मारू नका, भरल्या घराची गेले होते, रिकामी परत आले.

"समजलं, याडी? सांगा बरं."

धुरपताबाई अंगणाकडं बघत होती. शेळ्या बांधलेल्या होत्या. दोरीवर एकच लुगडं वाळत होतं.

"रिकामी आली म्हनते," ती म्हणाली.

"हो."

"रिकामी कशी? सून उभी हाये न तिच्या बाजूले."

पूनमसिंगनं कागदाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्यानं पेन्सिल उचलली नाही.

"त्या म्हातारीले सांग," धुरपताबाई म्हणाली, "जरा बाजूले पाह्य म्हना." आणि ती स्वतः समोर बघत बसली.